सगुणाबाईंचा पिक्चर

"हॅलो? हां आत्या, बोल… कुठं हायस? … स्टँडवर? मग ये की, पाच मिनिटांचा तर रस्ता हाय… काय? … कारेगावच्या गाडीत बसलीस? परत चाललीस? … आधी खाली उतर तू!"

शिरूरच्या हॉलबाहेर हर्षदा एका कानावर हात दाबून उभी होती. आत शिरूर-दौंडकडच्या पोरापोरींच्या नऊ शॉर्टफिल्म लागत होत्या. चौथी तिची. कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करून, सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर घेतलेली. बारा मिनिटांत एकच माणूस, तिची आत्या सगुणाबाई.

"कोण हसलं? … सविता? तिनं कुठं पिक्चर बघितलाय? … ट्रेलर. हां, मीच टाकला ग्रुपवर… 'झाडूवाली हिरॉईन' म्हणली? म्हणू दे! ती पण तुझ्यासंगं झाडूच मारती ना? तिला कोणी घेतलं न्हाई म्हणून… अगं ऐक ना… व्हय, व्हय… ऐक आधी."

पण खरं दुखणं सविताचं नव्हतंच. सगुणाबाई ज्या कंपनीत झाडू मारायच्या, तिथं एकेकाळी मोकळा माळ होता. लहानपणी त्यांनी तिथं वडिलांची मेंढरं राखली होती. शूटिंगच्या दिवशी हर्षदानं त्यांना तारेच्या कंपाउंडच्या कडेनं नुसतं चालायला सांगितलं होतं. चालता चालता त्या थांबल्या, आतल्या गाड्यांकडं बघत मेंढरांना बोलवायची तशी लांब हाक मारली, आणि तिथंच रडल्या.

"मी रड म्हणले नव्हते… व्हय, मोबाईल चालूच ठेवला… विचारलं न्हाई, खरं हाय…"

हर्षदाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"चुकलं माझं, आत्या… न्हाई, तसं न्हाई. दाखवायच्या आधी तुला विचारायला पायजे होतं… ऐक. तू नको म्हणलीस तर लावत न्हाई. आत्ता आत जाऊन पोपटरावांना सांगते, त्यांनीच ठेवलाय हा कार्यक्रम… धमकी कशाची गं? रडणं तुझं हाय, तूच ठरव."

पलीकडं स्टँडवर उभ्या गाडीचं इंजिन घरघरत होतं; हर्षदा आत जायला वळली.

"हां, हाय मी… मला विचारतीस? मला विचारशील तर पिक्चर चांगला झालाय. लई चांगला. माझा म्हणून सांगत न्हाई… सकाळी मच्छिंद्रकाकांनी लावून बघितला ना, इथल्या प्रोजेक्टरवाल्यांनी. तुझी हाक आली आन् हातातला चहा प्यायचंच विसरले. म्हणले, आमची पण मेंढरं होती… न्हाई, हसले न्हाईत. एवढंच बोलले… दिसतीस कशी म्हंजी? … पदर नीट हाय गं! … दात न्हाई दिसत!"

तिला हसू फुटलं.

"कोण ओरडतंय? … कंडक्टर? सांग त्याला, उतरायचंय म्हणावं… त्याला कशाला सगळं सांगत बसलीस? … काय म्हणलीस? 'माझा पिक्चर लागलाय'? … आता तुझा झाला व्हय!"

आतून टाळ्या ऐकू आल्या. तिसरी संपली होती.

"उतरलीस? … सरळ ये, चौकातनं डाव्या हाताला. दारातच हाय मी… थांबवते, तू आल्याशिवाय न्हाई लावू देत… पुढं नको बसू? बरं, मागं बसू दोघी… काय? … आवाज? हाकेचा? … का गं, बारीक करू? … मोठा? … व्हय की, केवढा मोठा माळ होता तो… हॅलो? आत्या?"

फोन कट झाला होता. हर्षदानं दार ढकलून आत डोकं घातलं.

"मच्छिंद्रकाका, पाच मिनिटं थांबा. आन् चौथ्याला आवाज वाढवा. पार मागं बसलेल्यांना ऐकू गेला पायजे."