लाल फडक्यातलं पुस्तक

मंडळी, एक सांगा. देवानं तुम्हाला पत्र धाडलं, तर काय कराल? कपाळाला लावाल, हळदकुंकू वाहाल – बरोबर! पण उघडून वाचाल का? का हो, गप्प का? म्हणजे तुमच्याही घरी येऊन पडलंय वाटतं!

मग ऐका. हिवरदरा नावाचं गाव, उंबरे चाळीस. तिथले गोविंदबुवा गुरव रोज सकाळी देवळात पोथी वाचायचे. आवाज असा, की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवायची! आणि सोवळं इतकं कडक, की ओलं पोर जवळ आलं तरी बुवा चार हात लांब. आमचं तसं नाही, मी आत्ताच तुमच्या अध्यक्षांकडे दोन कप चहा पिऊन उभा राहिलोय!

एके दिवशी गावची आशाताई वच्छला घरोघरी आरोग्याचं पुस्तक देत आली. ताप आला तर काय करायचं, साप चावला तर काय, जुलाब लागले तर काय – सगळं ठळक अक्षरांत. बुवांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि गावाला सांगितलं, ही सरस्वती आहे, खाली ठेवू नका. झालं! चाळीस घरांतली चाळीस पुस्तकं लाल फडक्यात गेली आणि देव्हाऱ्यात बसली. रोज फूल, रोज उदबत्ती. वच्छला खूश, काय मान दिला गावानं! पान मात्र एकानंही उलटलं नाही.

भाद्रपदात बुवांची दीड वर्षांची नात रेणू जुलाबानं मलूल झाली. बुवांच्या पत्नी सगुणाबाईंनी गावाची रीत धरली – जुलाब लागले की पाणी बंद. पोर वाटीकडे हात करी, आजी वाटी फळीवर ठेवी. माया नव्हती का? होती हो! मायेनंच वाटी उचलत होती. पण पोराचे ओठ सुकले. रडत होतं, डोळ्यांत टिपूस नव्हतं. सकाळपासून लंगोट कोरडा. बुवांनी वच्छलेला बोलावणं धाडलं.

वच्छला धावत आली. तिच्याजवळच्या जुलाबावरच्या ओआरएसच्या पुड्या वरच्या वाडीत वाटून संपलेल्या. तिनं दवाखान्याच्या गाडीला फोन केला, गाडीला तास-दीड तास लागणार होता. तिनं विचारलं, पुस्तक कुठाय? बुवांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं.

"वाचलंत का?"

"रोज पूजा करतो."

"पूजा पुष्कळ झाली, बुवा. आता सोडा ते."

बुवा गाठ सोडायला लागले, ती सुटेना. शेवटी दातांनी सोडली! पान सापडलं, आणि सवयीनं पोथीच्याच चालीवर गळा लागला – "उकळून गार केलेलं पाणी एक लिटर हो... साखर सहा चमचे सपाट... मीठ अर्धा चमचा सपाट, अधिक नको हो, अधिक नको... पाणी थांबवू नये, घोटघोट पाजत राहावं..."

सगुणाबाईंनी फळीवरची वाटी खाली काढली.

"हे आपल्या देव्हाऱ्यात होतं?" त्यांनी विचारलं.

वच्छलेनं उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ मोजून घातलं.

रेणूला बुवांनी मांडीवर घेतलं. चमचा चमचा पाजत राहिले. एकदा उलटी झाली. पुस्तकात बघितलं – दहा मिनिटं थांबा, पुन्हा द्या. थांबले, पुन्हा दिलं. दारात अख्खी आळी उभी. आणि वेशीत गाडीचा भोंगा वाजतो न वाजतो तोच – मंडळी, बुवांची मांडी गरम झाली!

सोवळं भिजलं! चार हात लांब राहणारा माणूस पोराला उचलून अंगणात धावला. "मुतली! माझी बाय मुतली!" हसताहेत, रडताहेत, सगळं एकदम. गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी पोर तपासलं आणि म्हणाल्या, वेळेवर पाजलंत, आता हिला घेऊन चला. बुवा तसेच गाडीत बसले. सोवळं बदलायचं राहूनच गेलं.

आता हिवरदऱ्यात पोथीनंतर त्या पुस्तकाचं एक पान वाचलं जातं, रोज, त्याच चालीवर. बायका चुलीपाशी गुणगुणतात!

तर मंडळी, घरी जाऊन फडकं सोडाल, ते सोडालच. पण तुमच्यावर माझा तेवढा भरवसा नाही. म्हणून कीर्तन संपलं तरी बुक्का अजून माझ्याच हातात आहे. आधी सांगा – एक लिटर पाण्याला साखर किती? ...सहा! मीठ किती? ...खांबाजवळच्या आजोबांचा आवाज आला नाही, पुन्हा एकदा! ...अर्धा! आणि पाणी थांबवायचं का?

...हां. आता या, कपाळ पुढे करा.