सी-प्लसचा पाट

पाटावरून आठवलं. लग्न होऊन नेपरव्हिलला आल्यापासून आम्ही जोशीकाकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. त्यांची मीना आठवीत आहे. शाळेत तिने वुडशॉप घेतलं आणि आईला विचारून विचारून एक पाट केला. कडा घासून अगदी गुळगुळीत.

टीचरने सी-प्लस दिला. म्हणाला, "स्टूल छान आहे, पण पाय कुठे आहेत?"

काका इंजिनिअर. ते म्हणाले, "सुतारकाम शिकायला आणलं का तुला अमेरिकेत?" पाट गराजमध्ये गेला आणि त्यावर सगळ्यांचे बर्फातले बूट वाळू लागले.

जानेवारीत पुण्याहून फोन आला, काकांची आई गेली. इथे एवढा बर्फ की विमानं कॅन्सल. काकांना जाताच आलं नाही. दहाव्या दिवशी म्हणाले, "निदान इथून तिलांजली देतो." काकूंनी तीळ काढले, ताम्हन घासलं आणि विचारलं, "पण बसणार कशावर? सोफ्यावर?"

काका उठून गराजमध्ये गेले. बूट खाली ठेवले आणि पाट स्वतः पुसून आणला.

"बाबा, बी केअरफुल," मीना म्हणाली. "इट्स ओन्ली अ सी-प्लस."

काका जपून बसले. ओंजळीतलं पाणी ताम्हनात कमी आणि कार्पेटवरच जास्त पडलं.

मग मीनाकडे न बघता काका म्हणाले, "टीचरला सांग, हलत नाही."