समुद्र मला पाठ होता

…नाही, पण मला सांगा, मोबाईलमध्ये नकाशा घालायची गरज काय होती? पूर्वी बरं होतं की. माहीतगार माणूस म्हणायचा डावीकडे, की सगळे मुकाट्यानं डावीकडे वळायचे. आता मी जेवणाच्या टेबलावर बोट फिरवून सांगतोय, की स्टेशनातून बाहेर पडायचं, डाव्या हाताला सरळ चालत सुटायचं, दहा मिनिटांत समुद्र… आणि आमची मुलगी मान वर न करता म्हणते, "बाबा, तिकडे समुद्र नाहीये. तिकडे मालगाड्यांचं यार्ड आहे." यावर माणसानं काय बोलावं? मी म्हटलं, "तेव्हा होता. मला विचारा, मी दीड वर्ष राहिलोय तिथं."

तुम्हाला सांगतो, या एका वाक्यावर मी सत्तावीस वर्षं मान मिळवला. माझं चष्म्याचं दुकान आहे, लहानसंच, समोर काउंटर आणि मागे पडदा. पण लोक नंबर तपासायला यायचे आणि शहराची माहिती घेऊन जायचे. समुद्रकाठचं ते एवढं मोठं शहर, आमच्याकडून अख्ख्या दिवसाचा प्रवास. कुणाची तिथं मुलाखत असो, कुणाचं ऑपरेशन असो, निघण्याआधी पायरी माझी. मी फ्रेमचा स्क्रू पिळत पिळत सांगायचो, लॉज कुठलं बघावं, बसमध्ये कुठल्या दारानं चढावं, किनाऱ्यावर कुठल्या अंगाला बसलं म्हणजे वारा तोंडावर येत नाही. का नाही सांगणार? विसाव्या वर्षी भिंगं घासायचं काम शिकायला तिथं गेलो आणि दीड वर्षानं कारागीर होऊन परतलो, हे सगळ्यांना ठाऊक. अहो, माझं लग्नसुद्धा त्याच्यावर ठरलं. सासूबाई तेव्हा सगळ्यांना सांगत होत्या, "मुलगा जग बघितलेला आहे."

आणि या सासूबाईंना समुद्राचं भारी वेड. स्वतः कधी पाहिला नाही, पण जावयानं पाहिलाय ना, मग जावयानं सांगायचा. दर वेळी आमच्याकडे आल्या, की चहाचा कप हातात घेऊन, "जावईबापू, लाटांचा आवाज कसा असतो हो?" मी सांगायचो. डोळे मिटून सांगायचो. "आधी लांबून खर्रर्र असा येतो, मग जवळ आला की ओला होतो, मग सुस्कारा टाकल्यासारखा परत जातो…" त्या ऐकत राहायच्या, चहा गार व्हायचा. मग म्हणायच्या, "एकदा न्या आम्हाला." आणि बायको लगेच, "हो, या सुट्टीत जाऊयाच."

आता बघा, या सुट्टीत जाऊया असं ती म्हणाली, की मी जाऊया म्हणायचो. मीच कागद घ्यायचो, मीच बेत आखायचो. आणि निघायच्या चार दिवस आधी मलाच काहीतरी आठवायचं. एकदा म्हटलं, तिकडे बसवाल्यांचा संप आहे. एकदा म्हटलं, साथ आलीय. एकदा तर म्हटलं, या महिन्यात समुद्र आत गेलेला असतो, दिसायचा नाही नीट. बायको म्हणाली, "आत म्हणजे कुठे?" मी म्हटलं, "मला विचार, मी दीड वर्ष राहिलोय तिथं." तिनं भरलेली बॅग उपसली आणि कपडे कपाटात लावले. भांडली असती तर बरं झालं असतं.

या वर्षी मात्र मुलीनं कुणाला न विचारता तिकिटं काढली. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, जिना चढवत नाही, तर तिनं चाकांच्या खुर्चीची सोय केली, तळमजल्याची खोली बघितली, मेव्हण्याला रजा टाकायला लावली. परवा रविवारी सगळे आमच्याकडे जमले. मी आपला टेबलाच्या टोकाला, माहीतगाराच्या खुर्चीत. यार्डाचं प्रकरण नुकतंच सावरलं होतं. तेवढ्यात मेव्हणा म्हणतो, "भाऊजी, तुमची जुनी खोली बघायची हं आपण." मी म्हटलं, "पाडली असेल रे ती." मुलगी म्हणाली, "थांबा, मी पत्ता मिळवते. मामाआजोबांना माहिती असणार."

मामाआजोबा म्हणजे माझे सख्खे मामा. वय त्र्याऐंशी, स्मरणशक्ती बावीस. मी म्हणतोय, "अगं राहू दे, त्यांना ऐकू येत नाही…" तोवर हिनं फोन लावून टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा करून.

"आजोबा, बाबा भिंगांचं काम शिकायला गेले होते ना, तेव्हा कुठल्या भागात राहायचे?"

आणि मामांचा तो खणखणीत आवाज, "कुठल्या भागात म्हणजे? माझ्या गच्चीवर."

"नाही आजोबा, शहरात…"

"शहरात कसला राहतोय तो. पाचव्या दिवशी पळून आला माझ्याकडे. अंगात ताप भरलेला. म्हणे, मामा, तिथं रस्ता ओलांडता येत नाही, मला परत पाठवू नका. मग मीच इथल्या एका कारागिराकडे घातला त्याला. दीड वर्ष काचा घासल्यान् माझ्या गच्चीवर राहून. का गं, काय झालं?"

काय झालं… तुम्हीच सांगा, काय व्हायचं राहिलं? मामांचं गाव समुद्रापासून सहा तासांवर. मुलीनं फोन बंद केला. मेव्हणा टेबलावरच्या मिठाच्या बाटलीच्या झाकणाची उघडझाप करायला लागला. मी चष्मा काढून पुसायला घेतला. धंदाच तो, कुणी काही म्हणत नाही.

पहिल्यांदा सासूबाई बोलल्या. रागानं नाही हो. रागानं बोलल्या असत्या तर मी उठून तरी गेलो असतो. म्हणाल्या, "पण मग तो आवाज? तुम्ही सांगायचात तो?"

मी म्हटलं, "घासायच्या चाकाचा. चाकावर पाणी आणि बारीक वाळू सोडतात. काच टेकवली की खर्रर्र होतं, मग… तसंच."

"म्हणजे तुम्ही समुद्र पाहिलेलाच नाही."

"नाही."

तुम्हाला सांगतो, या वयात, सासूसमोर, मुलीसमोर, हे दोन अक्षरांचं उत्तर द्यायला काय लागतं ते शत्रूला कळू नये. चार दिवस होतो मी त्या शहरात. पहिल्या दिवशी कारखाना शोधायला निघालो आणि एका चौकात अडकलो. चारी बाजूंनी गाड्या. दोन तास उभा होतो, पाय पुढे पडेना. एका फुलवाल्या बाईनं हाताला धरून पलीकडे नेलं, एवढा वाढलेला मी, आणि लोक बघत होते. पुढचे तीन दिवस लॉजच्या खोलीतून बाहेर नाही पडलो. समुद्र म्हणे मागच्याच गल्लीत होता.

हे सगळं मी सांगितलं त्यांना. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अकरा वेळा बॅग भरली मी."

मी पुसलेला चष्मा परत पुसायला घेतला.

"भीती वाटते म्हणाला असतात, तर मी धरला असता ना हात. रस्ता तर ओलांडायचा होता."

आणि उठून चहा ठेवायला गेली. आता यावर मी काय म्हणणार? मला विचारा, मी दीड वर्ष… जाऊ दे. सासूबाईंनी तेवढं केलं, नातीला म्हणाल्या, "यांना माझ्या खुर्चीमागं ठेव. धरायला दांडा मिळेल."

तर शनिवारी निघतोय आम्ही. बेत सगळा मुलीचा, माझ्याकडे फक्त खुर्चीचा दांडा. आणि मी ठरवलं, आता पुरे, यापुढे जो विचारेल त्याला खरं सांगायचं. काल दुकानात निवृत्त मुख्याध्यापक आले, नातवाला घेऊन त्याच शहरात निघालेत. म्हणाले, "काय काय दाखवू त्याला?" मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मनाचा हिय्या केला. म्हटलं, "सर, मला त्या शहरातलं काही माहिती नाही. मी तिथं राहिलेलोच नाही, खोटं सांगत होतो."

सरांनी मान डोलावली. मग काउंटरपाशी बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला म्हणाले, "बघा, शहर कोळून प्यायलेला माणूस, पण बोलण्यात गर्व नावाला नाही."

आणि वही उघडून, पेन सरसावून बसले. काय करता… सांगितलं त्यांना, स्टेशनातून बाहेर पडलात की मोबाईल बघा.