मनोरा कोणत्या खांद्यावर

बाबा : अजून डावीकडे सरक. अगं, मनोरा माझ्या डोक्यातून उगवल्यासारखा येईल. टाळूत उदबत्ती खोचल्यासारखा!

लेक : बाबा, कॅमेरा माझ्या हातात आहे. मनोरा कुठून उगवतोय ते मला दिसतंय. तुम्ही नुसते उभे राहा.

बाबा : नुसतं उभं राहायला मी काय गिऱ्हाईक आहे?

लेक : आज आहात. तुम्हीच म्हणालात ना, माझा एक फोटो काढून दाखव, जमला तर कॅमेरा आणि धक्क्यावरची ही जागा तुझी. नाहीतर संध्याकाळी तो माणूस येऊन कॅमेरा विकत घेऊन जाईल.

बाबा : म्हणालो. शब्द फिरवणार नाही. पण हे पासपोर्टचे फोटो नाहीत, बाई. तुझ्या त्या स्टुडिओत मागे पांढरा पडदा. इथं मागे दीपस्तंभ. माणसं कुठून कुठून येतात ती त्याच्यासाठी. तो उजव्या खांद्यावर, टोक पूर्ण, आणि माणूस ह्या बोट बांधायच्या खुंट्याला टेकून. उभी हयात मी इथूनच फोटो काढले.

लेक : टेकलात? आता इकडे बघा. डोळे उघडा.

बाबा : उघडेच आहेत.

लेक : नाहीत.

बाबा : ऊन येतंय ना समोरून!

लेक : सकाळचं रोजच येतं.

बाबा : एवढं?

लेक : घरी भिंतीवर लावलेले तुमचे फोटो नीट बघा एकदा. नवरा-नवरी, म्हातारे, पोरंटोरं, सगळे डोळे बारीक करून. लिंबू चाटल्यासारखे. मला लहानपणी वाटायचं, दीपस्तंभापाशी गेलं की माणसाला रडू येतं.

बाबा : मी म्हणायचो, हसा. हसायचे बिचारे.

लेक : डोळे मिटून.

बाबा : एकानं तरी बोलायचं होतं.

लेक : फोटोवाल्याला कोण बोलणार? तो म्हणेल तसं माणूस उभं राहतं. चला, रुमाल घ्या, डोळे पुसा. त्या गोदामाच्या सावलीत जाऊ.

बाबा : तिथून? तिथून मधे क्रेन येते. तिथं कोणी फोटो काढत नाही.

लेक : उभं राहून काढला तर येते. मी खाली बसले की क्रेन तुमच्या पाठीमागे लपते आणि मनोरा एकटा वर राहतो.

बाबा : ओल्या फरशीवर बसणार?

लेक : कपडे धुता येतात. तुम्ही कधीच बसून बघितलं नाही?

बाबा : गुडघे चांगले होते तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय तर गुडघे नाहीत. पण मनोरा डाव्या खांद्यावर आला की गं.

लेक : त्याला काय, दोन्ही खांदे सारखेच.

बाबा : दे इकडे. एकदा फ्रेम बघतो.

लेक : दोन्ही हातांनी धरा.

बाबा : दोन्ही हातांनीच धरलाय. वारा आहे.

लेक : गोदामाच्या आडोशाला वारा नाहीये, बाबा.

बाबा : सकाळी सकाळी वकिली नको.

लेक : त्या जोडप्याचा फोटो हलला, तेव्हाही वाराच होता?

बाबा : एका मनोऱ्याचे दोन आले. पोरगी रडकुंडीला आली. त्यांची गाडी सुटायची वेळ झालेली, पुन्हा काढताही आला नाही. लग्नानंतर एकदाच येतात गं माणसं इथं. घे. तूच धर.

(लेकीचा फोन वाजतो. ती तो स्पीकरवर लावते.)

आई : अगं, ह्यांना आधी ती टोपी काढायला सांग. झोपताना घालायची टोपी आहे ती!

बाबा : तुला कुठून दिसतंय?

आई : कुठून म्हणजे? गॅलरीतून. हा बघा, टॉवेल हलवतेय.

बाबा : आपली गॅलरी इथून दिसते?

आई : गॅलरीतून धक्का दिसतो, तर धक्क्यावरून गॅलरी दिसायला नको? जिना उतरणं सुटल्यापासून माझी बैठक इथंच. रोज दिसता तुम्ही. पण पाठ. आज तोंड दिसतंय.

बाबा : आधी कधी बोलली नाहीस. एक फोन करायचा होतास.

आई : तुमचं सगळं ध्यान त्या मनोऱ्यात. देवापुढे उभ्या असलेल्या माणसाला मागून हाक मारू नये.

लेक : बाबा, टोपी.

बाबा : काढली. केस उडतायत?

आई : आहेत कुठे उडायला?

लेक : हनुवटी थोडी खाली. खांदे सैल सोडा. फाशी नाही देत आहोत.

बाबा : कुठे बघू?

लेक : बघताय तिकडेच.

बाबा : प्रत्येक गिऱ्हाईक मला हेच विचारायचं. मी म्हणायचो, माझ्याकडे बघा.

आई : बघा की मग.

लेक : हं... झाला.

बाबा : हलला असणार.

लेक : कॅमेरा नाही हलला. तुम्ही हललात. हात वर केलात.

बाबा : तिनं टॉवेल हलवला, मी काय खांबासारखा उभा राहू? दुसरा काढ.

लेक : आधी हा तर बघा.

बाबा : दाखव. टोक?

लेक : पूर्ण आलंय.

बाबा : क्रेन?

लेक : तुमच्या पाठीमागे.

बाबा : हात मात्र धूसर आलाय.

लेक : हो. तेवढाच.

बाबा : डोळे उघडे आलेत माझे.

आई : अहो, काय झालं? जमला का तिला?

बाबा : त्या माणसाला फोन कर गं. म्हणावं, संध्याकाळी येऊ नका. कॅमेरा कामात आहे.