दाजींची घरची शाळा

आमच्या वसमतच्या दाजींएवढा शहाणा माणूस मी दुसरा पाहिला न्हाई. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी त्यांनी दोन्ही लेकरं शाळेतून काढली. म्हणे, "शाळेत पोरांचे पोपट होतात. मी शिकवतो." मग रोज चिखलाचे बैल, कागदाची फुलं, आणि रविवारी निसर्गदर्शन.

एका रविवारी मीही गेले. कुंपणावरच्या चंद्रज्योतीच्या बिया फोडून दाजी म्हणाले, "हे रानबदाम. खा."

शेजारच्या हळदीच्या शेतात निंदणारी बाई ओरडली, "ओ साहेब, लेकरांना देऊ नका! उलट्या होतील!"

"बाई, मी पुस्तकं वाचलीत," म्हणत दाजींनी स्वतःही मूठभर खाल्ल्या.

संध्याकाळी बाप-लेकरं तिघंही दवाखान्यात. धाकटीनं तर डोळे फिरवले होते. ताई रात्रभर तिचे पाय चोळत बसली, दाजींकडं ढुंकून बघितलं न्हाई.

लेकरं बरी झाली तशी ताईनं त्यांना शाळेत नेलं. दाजी मागं मान खाली घालून.

गुरुजींनी विचारलं, "इतके महिने घरी काय शिकली लेकरं?"

ताई म्हणाली, "बापाचं ऐकायचं न्हाई, एवढं शिकली."