जुनी मसल कार आणि फ्रिजवरचा गणपती

विश्वास कुणावर ठेवावा, विकणाऱ्यावर की गाडीच्या रंगावर? आमचा समीर तीन वर्षांची सगळी बचत घेऊन जुनी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी, घ्यायला निघाला. "काका, चला ना बघायला!" मी अमेरिकेतल्या आयसेलिन गावचा दुकानदार, गाड्यांतलं एवढंच कळतं की गंजलेला पत्रा झाकायला पुट्टी भरलेल्या जागी लोहचुंबक चिकटत नाही. म्हणून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट खिशात टाकला.

गाडीचा म्हातारा मालक म्हणाला, "सगळा पत्रा ओरिजिनल आहे."

मी दारावर गणपती चिकटवला.

"हे काय?"

"आमचा देव. गाडी घेण्याआधी त्याला सगळीकडून दाखवतो."

मी मागच्या चाकाकडे वळलो, तसा म्हाताऱ्याने माझा हात धरला. "तिथे नको," तो हळूच म्हणाला, "देव खाली पडेल."

समीरने किंमत कमी करूनच गाडी घेतली. तुम्हीही काही विकाल तेव्हा, बाबांनो, हिशोबात दोष आधी मांडा.