सकाळी सहाची प्रार्थना

नाही मास्तर, खांद्याला ठीक आहे, ओढतंय ते पोटावर — आणि पोटाचं तुम्ही काय करणार, ते माझं मलाच पाहायला हवं. टाचा तुम्ही खुशाल. तोंडात टाचण्या आहेत ते बरंय, नाहीतर तुम्ही विचारलं असतं, पाळकसाहेब, नवा झगा मिळतोय आणि चेहरा का असा पाडलाय? सांगतो ना. मला गप्प बसता आलं असतं तर पाळक कशाला झालो असतो?

झगा बेकरीवाल्या बाई शिववून देताहेत, ते तुम्हाला माहीतच आहे, कापड त्यांनीच आणून टाकलं तुमच्याकडे. का देताहेत? तर त्यांच्या नवऱ्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी रोज सकाळी सहाला त्याच्यासाठी प्रार्थना केली म्हणून. आता रविवारी बाई सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून साक्ष देणार, की पाळकांच्या प्रार्थनेनं नवरा वाचला, आणि मी हा झगा घालून समोर बसायचं. आणि मास्तर — हात खाली घेऊ का? बरं, राहू दे वर — मी प्रार्थना केलीच नाही. एकदाही नाही. उपासना सुटली की मी दाराशी उभा राहतो, हात मिळवतो, जो तो आपलं दुखणं सांगतो आणि मी म्हणतो, प्रार्थनेत आठवण ठेवतो. बाईंना तर वर सहाची वेळही देऊन बसलो. का दिली? कानाला बरी वाटली असेल, दुसरं काय. सहाला मी घोरत असतो. आमच्या हिला विचारा, उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जाते बिचारी.

काल बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, दवाखान्यात मी सहाला डोळे मिटून बसायचे, वाटायचं, आपण एकट्या नाही, तिकडे पाळकसाहेबही गुडघे टेकून बसलेत. मी काय केलं? मान खाली घातली. त्यांना वाटलं, किती नम्र माणूस — त्यांचे डोळेच भरून आले. हिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

आता तुम्हीच सांगा, खरं बोलून कुणाचं भलं होणार आहे? माणूस बरा झाला, दुकानात उभा राहून पाव विकतोय. माझ्यावाचून देवाचं काही अडलं नाही, हे एका परीनं चांगलंच म्हणायचं. वर्षानुवर्षं सांगत आलो की मेंढपाळानं रात्रभर जागं राहावं — आणि इथे मेंढरं जागी, मेंढपाळ घोरतोय. हसा, हसा. पण बाईंचा आनंद कशाला नासवायचा? कापडही आता बेतून झालंय. रविवारी मी आपला गप्प बसतो, हेच —

का थांबलात? नाही, टोचलं नाही मला. थांबा. तुम्हीही मला काहीतरी सांगितलं होतं. दाराशीच. छत्री मिटत होता तुम्ही, आणि मी हो म्हटलं होतं. भावाचं होतं का? की मुलीचं?

हा झगा काढून घ्या अंगातून. बाईंकडे मी आत्ताच जातो, त्यांना खरं काय ते सांगतो, मग रविवारी त्यांना जे बोलायचं ते बोलू देत. पण आधी तुमचं. कोण आजारी होतं? आठवत नाही मास्तर, म्हणून विचारतोय. आता बरं आहे का त्यांना?

अहो, असे पाठ फिरवून मशीन नका सुरू करू.